एकाच ड्रमवर तीन चौकटी आणि दोन वेगळे ३: खरं कुठलं मानायचं?

भांडारवाली
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी बी.कॉम. आधी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग करायचे, आता भोसरीला छपाईची शाई बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये स्टोअर बघते. माल उतरवून घेणं, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणं, कुठला ड्रम कुठे ठेवायचा ते ठरवणं, इश्यू स्लिपवर सही घेणं, सगळं माझ्याकडे. रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध नाही.

काल टोल्यूईनचे ड्रम आले. एकाच ड्रमवर तीन तऱ्हेच्या चौकटी. पांढऱ्यावर काळं चित्र आणि भोवती लाल रेघ अशा तीन: एक ज्वाळा, एक उद्गारचिन्ह, आणि एक माणूस ज्याच्या छातीत चांदणी फुटल्यासारखी दिसते. शेजारी एक पूर्ण लाल चौकट, तिच्यात ज्वाळा आणि खालच्या टोकाला ३. आणि तिसरी चार रंगांची: निळ्यात २, लालात ३, पिवळ्यात ०, पांढरं रिकामं. एमएसडीएस, म्हणजे मालासोबतचं सुरक्षा माहितीपत्रक, काढून बघितलं तर तिथे 'ज्वालाग्राही द्रव, कॅटेगरी २'.

मग हे २ की ३? प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "लाल दिसलं की लांब ठेवायचं, एवढं पुरे." पुरे आहे का? शिवाय आमची पोरं ड्रममधून कॅनमध्ये काढून नेतात, त्या कॅनवर तर काहीच नसतं. निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, इंग्रजी लेबल कोणीच वाचत नाही. साध्या मराठीत कोणी समजावेल का?

पिंपरीचा_पप्पू
"लाल दिसलं की लांब ठेवायचं" हा नियम आमच्याकडे बँकेच्या पत्रांना लागू आहे. :)
धागा चांगला आहे, जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

सेफ्टीकाका
भांडारवालीताई, तिन्ही खरी आहेत. प्रत्येकीचा वाचणारा वेगळा आहे, इतकंच.

लाल रेघेची चौकट जीएचएसची. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली आणलेली पद्धत, जगभर एकच चित्रं असावीत म्हणून. एकूण नऊ चित्रं. ती माल हाताळणाऱ्यासाठी, म्हणजे तुम्ही आणि तुमची पोरं. पूर्ण लाल चौकट वाहतुकीची. तिच्यातला ३ म्हणजे 'वर्ग ३, ज्वालाग्राही द्रव'. तो नुसता वर्गाचा नंबर आहे, किती भयंकर ते तो सांगत नाही. चार रंगांची चौकट अमेरिकेच्या एनएफपीए ७०४ ची, आग लागल्यावर आत शिरणाऱ्या फायर ब्रिगेडसाठी. निळा म्हणजे आरोग्य, लाल म्हणजे आग, पिवळा म्हणजे पदार्थ स्वतःच किती अस्थिर आहे ते. पांढऱ्यात खास सूचना. तिथे डब्ल्यूवर आडवी रेघ दिसली तर पाणी मारायचं नाही.

आता आकड्यांची गोची. एनएफपीएत ० ते ४, आणि ४ सगळ्यात वाईट. जीएचएसमध्ये नेमकं उलटं, कॅटेगरी १ सगळ्यात वाईट. म्हणून टोल्यूईन एकीकडे ३ आणि दुसरीकडे २, पण दोघांचं म्हणणं एकच. याचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातसुद्धा उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेण्याइतकी वाफ असते, ठिणगी पडायचा अवकाश. आणि ही वाफ हवेच्या तिप्पट जड, जमिनीलगत सरकत जाते. ग्राइंडर लांबच्या कोपऱ्यात चालू आहे म्हणून निवांत बसायचं नाही.

आता तो चांदणीवाला माणूस. साहेबांना सांगा की हे चित्र वाहतुकीच्या चौकटीत कधीच सापडणार नाही. वाहतुकीचे नियम ड्रम फुटला तर त्या क्षणी काय होईल तेवढंच बघतात. रोज थोडंथोडं हुंगून काही वर्षांनी काय होईल, हा ट्रकवाल्याचा प्रश्न नाही, तुमचा आहे. टोल्यूईनवर ते चित्र तीन कारणांनी आलंय. ती धोक्याच्या कोडनंबरांत सांगतो. एच ३०४: गिळून फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चुकून प्यायलेल्याला उलटी करायला लावायची नाही. एच ३६१: पोटातल्या बाळाला इजा होण्याची शंका. एच ३७३: दीर्घकाळ संपर्काने अवयवांना इजा. लाल रेघेच्या चौकटींखाली बारीक अक्षरात या धोक्यांची वाक्यं असतात, बऱ्याचदा एच नंबरासकट. २०० ने सुरू होणारे नंबर आग-स्फोटाचे, ३०० चे शरीराचे, ४०० चे पर्यावरणाचे. चित्रापेक्षा हे वाचायची सवय लावा.

भांडारवाली
काका, खूप धन्यवाद. आता कळलं. पण ते एच ३६१ वाचून धस्स झालं. फिलिंगला आमच्याकडे बायकाच आहेत. त्यांना कोणी कधी हे सांगितलेलं नाही.

सेफ्टीकाका
सांगा. तोंडी नको, लिहून. आणि ज्या टेबलावर भरतात तिथे वाफ ओढणारा पंखा आहे का बघा. छताचा पंखा मोजू नका, तो वाफ खोलीभर पसरवतो.

जुनाजाणता
इतका बाऊ कशाला? आम्ही उभं आयुष्य डाइंगमध्ये काढलं. झाकण उघडलं की वासावर सांगायचो आत काय आहे. लेबलं ऑडिटवाल्यांसाठी असतात, दिवाळीच्या तोरणासारखी. ऑडिट झालं की उतरवा.

श्वासवैद्य
जुनाजाणता, तुमचं नाक शाबूत आहे हे तुमचं नशीब. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. गटारात आणि ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रियेच्या) टाकीत उतरलेल्या माणसामागोमाग त्याला काढायला उतरलेलेही जातात, त्या बातम्यांमागे बहुतेकदा हाच वायू किंवा ऑक्सिजनचा अभाव असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

पण लेबलवाल्या मंडळींनाही एक सांगतो. माझ्याकडे छातीची तक्रार घेऊन येणाऱ्या कामगारांत फाउंड्रीवाले बरेच. त्यांना ज्याने आजारी पाडलं त्याच्यावर लेबल नव्हतंच. वाळूची सिलिका, वेल्डिंगचा धूर, दगडखाणीची धूळ, हे ड्रममधून येत नाही, काम करताना तयार होतं. त्यामुळे 'ज्याच्यावर चौकट नाही ते निरुपद्रवी' असं पोरांच्या डोक्यात बसू देऊ नका.

दुसरे गॅरेजमधले रंगारी. गाडीच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटमध्ये जो हार्डनर मिसळतात त्याच्या डब्यावर हाच छाती फुटलेला माणूस असतो, एच ३३४ नंबरासकट. त्यात आयसोसायनेट असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे नावापुरत्या वाफेनेही दम्याचा झटका येतो आणि हातातला धंदा सोडावा लागतो. रंगारी काय करतो, तर नाकाला रुमाल बांधतो. करोनानंतर काही जण एन-९५ लावतात, पण ती धुळीसाठी आहे, वाफ तिच्यातून आरपार जाते. वाफेला कार्बनचं कार्ट्रिज लागतं, आणि आयसोसायनेट फवारताना तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा.

निशाचर७७
आयसोसायनेट म्हणजे भोपाळवालंच का? ते गाडीच्या रंगात??

श्वासवैद्य
खानदान एक, माणूस वेगळा. भोपाळचं मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळतं, म्हणजे उन्हाळ्यात नुसतं उघडं ठेवलं तरी वायू. हार्डनरमधलं जड असतं, डब्यात गप्प बसतं. पण गनमधून फवारलं की त्याचे तुषार थेट छातीत.

कायद्याचा_कीस
भोपाळ निघालंच आहे तर. २-३ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री हॉस्पिटलात डॉक्टरांनाही नेमका कुठला वायू आहे आणि उपचार काय करायचे हे धड सांगितलं गेलं नव्हतं. आज ड्रमवर जे काही लिहिलेलं दिसतं त्यातलं बरंच तिथून आलंय. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती, तिच्यातलं कलम ४१-बी, म्हणजे धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही देण्याचं मालकावर बंधन, आणि १११-ए, म्हणजे कामगाराला ती मागायचा हक्क. नव्या कामगार संहितेतही हा माहितीचा हक्क ठेवलेला आहे.

त्यानंतर घातक रसायनांचे १९८९ चे नियम. त्यातला नियम १७ वाचा: डब्यावर आत काय आहे ते, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि त्याचे भौतिक, रासायनिक, विषारी गुणधर्म. परिशिष्ट ९ मध्ये माहितीपत्रकाचा नमुना आहे. जीएचएसच्या लाल चौकटी मात्र आपल्याकडे अजून सरसकट सगळ्यांना सक्तीच्या नाहीत. निर्यात करणारे आणि मोठे पुरवठादार लावतात, गल्लीतला थिनरवाला लावत नाही. म्हणून एकाच स्टोअरमध्ये एक ड्रम चित्रांनी भरलेला आणि दुसरा कोरा करकरीत दिसतो. कोरा असला तरी सप्लायरकडून माहितीपत्रक मागायचं, नाही दिलं तर माल उतरवून घ्यायचा नाही.

भांडारवाली
माल उतरवून घ्यायचा नाही म्हणे! तुम्ही या एकदा आमच्याकडे महिनाअखेरीला. :(

ठिणगी_शिरोली
मी फॅब्रिकेशनवाला, कोल्हापूरचा. लाल रेघेच्या चौकटीत दोन आगीची चित्रं असत्यात आणि लोक दोन्ही एकच समजतात. नुसती ज्वाळा म्हणजे माल स्वतः पेटतो. ज्वाळेखाली गोळा असंल तर तो ऑक्सिडायझर, म्हणजे स्वतः पेटंल न पेटंल, पण दुसऱ्याला पेटवायला ऑक्सिजन पुरवतो. नायट्रिक, हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम परमँगनेट, सगळे गोळेवाले. आमच्या शेजारच्या शेडात दोन्ही "आगीचे" म्हणून एकाच रॅकवर लावले होते. एकमेकांपासून सगळ्यात लांब ठेवायचे ते दोघं हेच. आणि गोळेवाल्याच्या आगीवर सीओटू मारून उपयोग नाही, ती हवा तोडते, पण ह्याला हवा लागतच नाही.

ऑक्सिजनचा सिलिंडर पण गोळेवालाच. काळा सिलिंडर. रेग्युलेटर जाम झाला म्हणून कोणी ग्रीस लावत असंल तर त्याचा हात धरा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की बाहेरची ठिणगी लागत नाही. डीएचा, म्हणजे असिटिलीन गॅसचा, सिलिंडर मरून रंगाचा, त्याचे आटे उलटे असत्यात, ते मुद्दाम, म्हणजे चुकून ऑक्सिजनची नळी बसू नये.

आणखी एक. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) वेल्डवर साफ करायला लावतो ती पिकलिंग पेस्ट. पोरं टूथपेस्टसारखी बोटानं लावत्यात. डब्यावर कवटी आणि हातावर थेंब पडणारं चित्र, दोन्ही असतंय. का ते माहितीपत्रकात बघा: हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड.

श्वासवैद्य
ठिणगीसाहेब, हे अधोरेखित करण्यासारखं आहे. कमी तीव्रतेचं हायड्रोफ्लोरिक लागलं की लगेच दुखत नाही, कळा काही तासांनी सुरू होतात, तोवर ते आत कॅल्शियम खात गेलेलं असतं. भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल. ते जेल शॉपच्या फर्स्ट एडच्या पेटीत आधीपासून हवं, लागल्यावर मेडिकलात शोधत फिरायला वेळ नसतो. आणि हॉस्पिटलात जाताना पेस्टचा डबा किंवा निदान लेबलचा फोटो बरोबर न्या. "काहीतरी अ‍ॅसिड लागलं" एवढ्यावर आम्ही काय करणार?

कापूस_एकादशी
मी यवतमाळकडचा शेतकरी. कारखान्याचं नाही, पण लेबलचंच आहे म्हणून लिहितो. चालत असंल तर.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर पण चौकट असते, कोपऱ्यावर उभी. खालच्या अर्ध्या त्रिकोणात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालवर कवटी असते. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते साऱ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तेव्हा शहरातून लोकं यायची आणि म्हणायची, लेबल वाचत नाही का तुम्ही? आता तुम्हीच सांगा, डब्याला बारीक घडीचं पत्रक, मुंगीएवढी अक्षरं, आणि दुकानदार म्हणतो दोन-तीन मिसळून मारा. दोन मिसळल्यावर कोणत्या रंगाची चौकट लावायची ते कोणत्या पत्रकात आहे?

आणि हिरव्याचा घोळ वेगळाच. हिरवा म्हणजे बिनधास्त, असं मी मी म्हणणारे समजतात. हिरव्याचा अर्थ फक्त इतका की तोंडावाटे किंवा कातडीवाटे मारायला जास्त लागते. डोळ्यात गेलं तर त्याचं काही खरं नाही.

पिंपरीचा_पप्पू
हिरवा त्रिकोण म्हणजे शाकाहारी विष असं समजणारा आमच्या सोसायटीत एक आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याला "ग्रीनवालं मारा, घरात जैन लोक आहेत" म्हणाला होता.

कापूस_एकादशी
हसलो राजेहो. पण त्याचं काही चुकलं नाही, साऱ्या देशाला हिरवा ठिपका दाखवून शिकवलं आणि मग डब्यावर हिरवा छापला.

झाडूपोछा_मॅनेजर
हॉस्पिटलच्या हाउसकीपिंगला आहे. "दोन मिसळल्यावर काय" हा कापूसभाऊंचा प्रश्न म्हणजे माझं रोजचं काम.

हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच्या) कॅनवर हातावर थेंब पडणारं चित्र. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडवरही तेच चित्र. मावशी म्हणणार, दोन्ही सारखीच आहेत, एकत्र टाकली तर जास्त चकाचक. आणि निघतो क्लोरीन. बंद बाथरूममध्ये. चित्रं एकेका बाटलीची असतात, शेजारणीशी तिचं पटतं की नाही हे ती सांगत नाहीत. ते बघायला लेबलवरची वाक्यं वाचावी लागतात, "आम्लाशी संपर्क आल्यास विषारी वायू निघतो" असं एक वाक्य हायपोवर बहुधा असतं, किंवा मग माहितीपत्रकाचा भाग १०.

आम्ही चित्रं शिकवायचं सोडलं आणि बादल्यांचे रंग वेगळे केले, दोन्ही बाटल्यांची कपाटं वेगवेगळ्या मजल्यांवर नेली. अ‍ॅसिड पाहिजे तर खाली येऊन सही करून न्यायचं. कंटाळा हा सगळ्यात चांगला सुरक्षा अधिकारी आहे.

मुलामा
प्लेटिंगवाल्यांकडून एक भर: आमच्याकडे सायनाइडची टाकी आणि आम्लाची टाकी. दोघांमध्ये नुसतं अंतर पुरत नाही, फरशीचा उतारसुद्धा वेगवेगळ्या नाल्यांत हवा. सांडलेलं गटारात जाऊन भेटलं तरी हायड्रोजन सायनाइडचा जीवघेणा वायू निघतोच.

सेफ्टीकाका
झाडूपोछा आणि मुलामा दोघांशी सहमत. माहितीपत्रकाचे १६ भाग असतात आणि क्रम ठरलेला असतो, जगात कुठलंही उघडा. सगळं वाचत बसू नका. स्टोअरवाल्यांनी २ (धोका), ४ (प्रथमोपचार), ७ (साठवण), ८ (हातमोजे-मास्क) आणि १० (कोणाशी पटत नाही) एवढं वाचलं तरी रॅक नीट लागतो.

घाटरस्ता
(अवांतर) द्रुतगती मार्गावर कंटाळलेल्या पोरांसाठी खेळ: टँकरच्या मागच्या पाटीवरचा चार आकडी यूएन नंबर (प्रत्येक घातक मालाचा ठरलेला) ओळखा. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १८३० सल्फ्युरिक आम्ल, १०१७ क्लोरीन. माझी मुलगी आता १०१७ दिसला की "बाबा, ओव्हरटेक करू नका, मागेच राहा" म्हणते. वरच्या ओळीतला कोड फायर ब्रिगेडचा. पेट्रोलवर ३वायई असतं: ३ म्हणजे फेस मारा, शेवटी ई असला तर आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा.

भांडारवाली
अय्या, माझ्या ड्रमवर १२९४ आहे, तो हाच नंबर का?

घाटरस्ता
हो, टोल्यूईनचा. इंग्रजी येवो न येवो, आकडा सगळ्यांना वाचता येतो. फोनवर फायर ब्रिगेडला स्पेलिंग सांगत बसण्यापेक्षा "यूएन १२९४" सांगितलं की काम झालं.

उदगीरकर
रिकाम्या ड्रमचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की घराघरासमोर निळी पिंपं रांगेत. ती कुठून येतात? भंगारातून. लेबल खरवडलेलं असतं, गोंदाचा चौकोनी डाग मात्र राहतो. विकणारा म्हणतो, "सरबताचं होतं." प्रत्येक वेळी सरबत?

ठिणगी_शिरोली
बरोबर बोललात. आणि लोखंडी रिकामा ड्रम तर भरलेल्यापेक्षा वाईट. आत तळाला पेलाभर थिनर, वर नुसती वाफ आणि हवा. शेगडी करायला म्हणून गॅस कटरनं कापायला घेतला की बॉम्ब. लेबल रिकाम्या ड्रमवरून काढायचंच नाही.

कायद्याचा_कीस
घातक रसायनाने माखलेली रिकामी पिंपं २०१६ च्या घातक कचरा नियमांत वर्ग ३३.१ म्हणून येतात. परवानाधारकालाच द्यायची. भंगारवाल्याला नाही.

उदगीरकर
कागदावर.

ऱ्हाइनकाठची_रमा
जर्मनीत एका प्रयोगशाळेत काम करते. इथेही लाल चौकटी त्याच, पण कामगार लेबल वाचेल यावर कोणी विसंबत नाही. प्रत्येक रसायनासाठी मालकाने कामाच्या जागी एक पान लावायचं, त्याला बेट्रीब्सआनवाइझुंग म्हणतात, आणि ते कामगाराला समजेल अशा भाषेत हवं असा नियमच आहे. शिवाय तोंडी शिकवणी, दरवर्षी, सहीनिशी. पान एकच: या जागी हे रसायन कशासाठी वापरतो, काय करू शकतं, काय घालायचं, सांडलं तर काय, लागलं तर काय, उरलं तर कुठे टाकायचं. भांडारवाली, मला वाटतं तुझ्या कॅनच्या प्रश्नाचं उत्तर या पानात आहे. सोळा भाग तुझ्यासाठी, एक पान त्यांच्यासाठी.

जुनाजाणता
जर्मनीत पान वाचतात. इथे पानावर चहाचा कप ठेवतात.

ऱ्हाइनकाठची_रमा
काका, इथेही ठेवतात. लॅमिनेट करायचं. :)

भांडारवाली
सगळे प्रतिसाद प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले (नावं-टोपणनावं काढून!). कॅनवर चिकटवायला आणि टेबलापाशी लावायला मराठी-हिंदी मजकूर केलाय. बघून सांगा:

"टोल्यूईन. यूएन १२९४. [ज्वाळेचं आणि चांदणीवाल्या माणसाचं चित्र]
हे पेटतं. वाफ दिसत नाही, जमिनीवरून पसरते. जवळ बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग, मोबाइल चार्जिंग नाही.
चक्कर, डोकं जड झालं तर काम थांबवून बाहेर मोकळ्या हवेत या.
गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर स्टोअरमध्ये सांगा, काम बदलून मिळेल.
डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं पाण्याने धुवा. गिळलं तर उलटी करवू नका, १०८ ला फोन.
योग्य हातमोजे वापरा. काळजीपूर्वक हाताळा."

'काम बदलून मिळेल' या ओळीसाठी साहेबांशी दोन दिवस वाद घातला. राहिली.

श्वासवैद्य
ती ओळ बाकी सगळ्या पानाच्या वजनाची आहे. शाब्बास. फक्त मूल हवंय अशा बायकांनाही त्यात घ्या. पहिले काही आठवडे तिचं तिलाही माहीत नसतं.

सेफ्टीकाका
उत्तम. दोन दुरुस्त्या. एक, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काढू नका हे लिहा. टोल्यूईन ओतताना स्थिर वीज साठते. धातूचा कॅन घ्यायचा, ड्रम आणि कॅन तारेच्या क्लिपने जोडायचे आणि ड्रमला अर्थिंग द्यायचं. क्लिप लागली नाही तर नळ उघडायचा नाही. दोन, शेवटची ओळ खोडा. 'काळजीपूर्वक' म्हणजे नक्की काय करायचं हे त्या पोराला कळत नाही, आणि 'योग्य हातमोजे' तर मलाही कळत नाहीत. नाव लिहा.

भांडारवाली
आम्ही ते निळे पातळ नायट्राइलचे देतो. चालतील ना? पाकिटावर 'केमिकल रेझिस्टंट' लिहिलंय.

ऱ्हाइनकाठची_रमा
नाही चालत! पातळ नायट्राइल टोल्यूईनमध्ये फुगतं, आणि काही मिनिटांतच ते आरपार हाताला लागतं. त्याहून वाईट म्हणजे आतमध्ये कोंडून राहतं. माहितीपत्रकाच्या भाग ८ मध्ये साहित्याचं नाव असेल, बहुधा व्हायटॉन (एक खास रबर). पीव्हीएही चालतं पण ते पाण्यात विरघळतं, म्हणजे हात धुतले की गेलं.

मुलामा
व्हायटॉनची किंमत बघून तुमच्या साहेबांना चक्कर येईल, ती टोल्यूईनची नव्हे.

सेफ्टीकाका
हो, महाग आहेत. म्हणून ओतणाऱ्या दोघा-तिघांपुरतेच घ्या, बाकीच्यांचा हात लागायलाच नको अशी व्यवस्था करा. ड्रमला नळ किंवा हातपंप बसवा, उपसून काढणं बंद. हातमोजा हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

भांडारवाली
पंपाचा इंडेंट टाकला. क्लिपा वायरमन उद्या बसवतोय. हातमोज्यांचं कोटेशन मागवलंय, चक्कर कोणाला येते ते कळवीन.

आता एकच अडलंय. मजकूर मराठी-हिंदीत झाला, पण रात्रपाळीची पोरं ओडिशाची. हिंदी बोलतात, वाचत नाहीत. ओडिया लिहिता येणारं कोणी आहे का इथे?

घाटरस्ता
माझी वहिनी राउरकेल्याची आहे. मजकूर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी बसवतो तिला. फक्त 'ग्राइंडर'ला तिथे काय म्हणतात ते तुमच्या पोरांनाच आधी विचारून ठेवा.